मावळ्याची पगडी घरीच होते

महोदय,
शिवजयंतीला मुलांसाठी आणलेल्या थर्माकोलच्या पगड्या मिरवणूक संपण्याआधीच मोडतात. जुन्या सुती साडीतून टिकाऊ पगडी घरीच होते. डोक्याच्या घेरात २ सेंटिमीटर मिळवा. ५२ च्या घेराला साधारण १७ सेंटिमीटर व्यासाचे पातेले चालते. ते उपडे घालून त्यावर प्लास्टिकची पिशवी ओढा आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे ४ थर मैद्याच्या खळीने चिकटवा. दोन थरांनंतर दिवसभर थांबाच. मुंबईच्या दमट हवेत घाई केली, तर आतला कागद ओला राहून बुरशी धरते. वाळल्यावर साडीच्या ८ सेंटिमीटर रुंद पट्टीला पीळ देत गुंडाळा आणि टाके घाला; नुसत्या गोंदाने कापडावर डाग उमटतात. जरीकाठ लावू नका, मावळा साधाच शोभतो.

— एक वाचक, परळ