तारीख नसलेली बाटली आणि न वाळणारे शेलॅक

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : गिटारसाठी घेतलेले तयार शेलॅक कडक होत नसल्याबद्दल तक्रार

महोदय,

आपले मेणविरहित तयार शेलॅक, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, मी ऑनलाइन मागवले होते. बिल आणि लेबलचे फोटो सोबत जोडले आहेत.

माझ्या क्लासिकल गिटारचा वरचा तक्ता स्प्रूस या फिकट लाकडाचा आहे, पाठ आणि बाजू शिसवीच्या. जुना पॉलियुरेथेनचा थर घासून काढून मी तिला हाताने फ्रेंच पॉलिश, म्हणजे बोळ्याने शेलॅकचे पॉलिश, केले. हा थर अगदी पातळ बसतो, तक्त्याच्या कंपनांना जड होत नाही आणि पुढे ओरखडा पडला तर तेवढीच जागा दुरुस्त करता येते. धुतलेल्या मलमलीत कापूस बांधून केलेला बोळा, त्यावर शेलॅक आणि स्पिरिट, बोळा चिकटू नये म्हणून तेलाचा थेंब. आधी प्युमिस दगडाच्या पुडीने शिसवीची रंध्रे भरायची, मग गोल हात, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, शेवटी लांब सरळ. यात घाई चालत नाही, आणि मी केलीही नाही.

चमक सुरेख आली. पण महिना उलटून गेला तरी थर कडक झालेला नाही. नख दाबले की खूण उमटते. वाजवताना उजवा हात टेकतो तिथे कातडी चिकटते. केसमधल्या मखमलीची लव पाठीवर उठली आहे.

आपल्या प्रतिनिधीने पुण्याच्या दमट हवेला दोष दिला. तो मला मान्य नाही. काम मार्च महिन्यातले आहे आणि तेव्हा इथली हवा कोरडी असते. शिवाय दमटपणाने शेलॅकवर पांढरट झाक येते. थर असा आठवडेच्या आठवडे मऊ राहत नाही. खात्रीसाठी मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून चपडा लाखेचे पापुद्रे आणले, ते स्पिरिटमध्ये ताजे विरघळवले आणि स्प्रूसच्या एकाच तुकड्यावर अर्ध्या भागात ते, अर्ध्या भागात आपले असे लावले. ताजे शेलॅक कडक झाले. आपल्या शेलॅकवर अजून नखाची खूण उठते. तोही फोटो जोडला आहे.

शेलॅकचे काम करणाऱ्या कोणालाही यामागचे कारण सांगता येईल. पापुद्रे थंड, कोरड्या जागी बराच काळ टिकतात, पण एकदा स्पिरिटमध्ये विरघळले की लाखेतली आम्ले आणि अल्कोहोल यांची हळूहळू अभिक्रिया होत राहते आणि जुने द्रावण नीट वाळत नाही. म्हणून साधारण सहा महिने ते वर्षभरात ते वापरून टाकतात. आपल्या बाटलीवर किंमत आहे, वजन-माप आहे, पण उत्पादनाचा महिना आणि वर्ष कुठेच नाही. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे ते छापणे बंधनकारक आहे. ते असते तर मी ही बाटली उघडलीच नसती.

आता वरून चांगला थर देऊन भागणार नाही, कारण शेलॅकचा नवा थर खालच्या थरात विरघळून एक होतो. सगळे स्पिरिटने पुसून काढावे लागेल. त्यात शिसवीचा रंग सुटून गिटारच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीत आणि स्प्रूसमध्ये उतरण्याची भीती आहे, म्हणून हे काम मी जाणत्या कारागिराकडेच देणार आहे.

बाटलीची पूर्ण किंमत आणि कारागिराचा खर्च आपण द्यावा. त्याच लॉटच्या बाटल्या विक्रीतून काढाव्यात, आणि यापुढे प्रत्येक बाटलीवर द्रावण केल्याचा महिना व वर्ष ठळक छापावे. तारीख छापायला किती खर्च येतो? कोणाच्या तरी वाद्यावर अनेक संध्याकाळी घातलेले हात त्यापुढे फार महाग आहेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. उरलेले शेलॅक आणि नमुन्याचा तुकडा तपासणीसाठी जपून ठेवला आहे.

आपली ग्राहक,
सदाशिव पेठ, पुणे

सोबत : बिलाची प्रत, लेबलचे आणि नमुन्याचे फोटो