जाहीर आभार

आमचे अब्बा गेले. मिरजेत त्यांची सगळी हयात तंबोरे करण्यात गेली. पंढरपूरकडचा भोपळा टिचकी मारून पारखायचे. जवारी लावताना, म्हणजे तारेखालची घोडी घासून सूर खुलवताना, कुणाशी बोलायचे नाहीत. कानस जराशी फिरवायची, डोळे मिटून तार छेडायची, पुन्हा कानस. घरी नातीच्या वेण्याही तेच घालायचे, अन् आईपेक्षा बऱ्या! २०२४ मध्ये मिरजेच्या तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीभर पेढे वाटले, तेही उधारीवर आणून.

दवाखान्यात रात्री जागलेली पोरं, जनाज्याला खांदा देणारे, चूल बंद होती तोवर डबे पोचवणाऱ्या शेजारणी, अर्धा राहिलेला तंबोरा पुरा करून मजुरी न घेणारे कारागीर : नावं छापू नका म्हणालात, म्हणून छापत नाही. सर्वांचे मनापासून आभार.

सोमवारपासून धाकटा भाऊ दुकान उघडतोय. दुरुस्तीला दिलेली वाद्यं घेऊन जावीत.