किनाऱ्यावरील पक्षिसहलींची वेळ भरतीवरून ठरावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शनिवार-रविवारी मार्गदर्शकासोबत किनाऱ्यावर पक्षी पाहायला जाण्याच्या सहलींची निवेदने आपल्या दैनिकात प्रसिद्ध होतात आणि अनेक नवखे वाचक ती वाचूनच पहिल्यांदा दुर्बीण हातात घेतात. या निवेदनांत जमण्याचे ठिकाण असते, सोबत काय आणावे याची सूचना असते. परंतु किनाऱ्यावर ज्या एका गोष्टीवर सगळी सहल अवलंबून असते, ती भरतीची वेळ मात्र बहुधा नसते. ही उणीव वाटते तेवढी किरकोळ नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जंगलातल्या किंवा माळावरच्या फेरीला पहाटेची वेळ बहुतेक नेहमीच योग्य ठरते, कारण तेथील पक्ष्यांचा दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. चिखलाच्या किनाऱ्यावर चरणारे पक्षी मात्र भरती-ओहोटीप्रमाणे, म्हणजे मुख्यतः चंद्राप्रमाणे जगतात. पाणी उतरले की ते रात्रीसुद्धा चरतात आणि पाणी चढले की भर दिवसा झोपतात. दिवसातून दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यावर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणजेच भरती रोज साधारण ५० मिनिटे उशिरा येते आणि सात दिवसांत हा उशीर जवळजवळ सहा तासांचा होतो. त्यामुळे या शनिवारी सकाळी ७ वाजता जेथे दूरवर उघडा पडलेला चिखल दिसतो, तेथेच पुढच्या शनिवारी त्याच वेळी पाणी काठाला लागलेले असते. दर आठवड्याला ठरावीक वेळी निघणारी सहल म्हणूनच एकदा ऐन ओहोटीला पोहोचते आणि पुढच्या खेपेस ऐन भरतीला, आणि या दोन्ही वेळा निरीक्षणासाठी चांगल्या नाहीत. पूर्ण ओहोटीला पक्षी पाण्याच्या कडेकडेने इतके दूर गेलेले असतात की टेलिस्कोपमधूनही केवळ हलणारे ठिपके दिसतात. पूर्ण भरतीला ते जवळ असतात खरे, पण त्या वेळी त्यांच्याजवळ आपण असू नये.

उत्तम वेळ असते ती भरती पूर्ण होण्याच्या साधारण दोन तास आधीची. पाणी चढू लागले की चिखलाचा पट्टा अरुंद होत जातो आणि पक्षी आपण होऊन काठाकडे सरकतात. माणसांनी एका जागी शांत बसून राहायचे, एवढेच काम उरते. एका जाणत्या मार्गदर्शकाने आम्हा दहा-बाराजणांना असे बसवले होते, ती सकाळ मी विसरणार नाही. त्यांनी पक्ष्यांची नावे सांगण्याची घाई केली नाही. आधी कोण कसे चरतो ते पाहा, असे ते म्हणाले. चिखल्या (प्लोव्हर) हा पक्षी चार पावले धावतो, थबकतो, डोळ्यांनी भक्ष्य हेरतो आणि मगच चोच मारतो. तुतारी (सँडपायपर) मात्र शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच खालीवर करत पुढे जात राहते, कारण तिला भक्ष्य दिसावे लागत नाही. तिच्या चोचीच्या टोकाशी स्पर्श आणि दाब ओळखणाऱ्या पेशी असतात. कर्ल्यू या किनारपक्ष्याची लांब, खाली वळलेली चोच खोल बिळातल्या किड्यापर्यंत पोहोचते, आणि मादीची चोच नरापेक्षा लांब असल्यामुळे एकाच जातीतही चिखलाची वाटणी होते. चोच पूर्ण रुतलेली असताना तिचे फक्त टोक उघडून भक्ष्य पकडणेही यांतल्या अनेक पक्ष्यांना जमते. तासाभरात आमच्यातल्या नवख्यांनाही दुरून, केवळ चालीवरून, चिखल्या आणि तुतारी वेगळे सांगता येऊ लागले. पाणी आणखी चढताच मार्गदर्शकांनी टेलिस्कोप मिटला आणि आम्हाला मागे नेले. पक्षी सर्वांत जवळ आले असताना निघणे काहीजणांच्या जिवावर आले होते, हे खरे.

याउलट अनुभव मागील हंगामातील एका सहलीत आला. ठरलेल्या वेळेला आम्ही पोहोचलो तेव्हा भरती पूर्ण झाली होती आणि सगळे पक्षी एका चिंचोळ्या वाळूच्या दांड्यावर, एका पायावर उभे राहून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून विसावले होते. आमच्या मार्गदर्शकाला नावे उत्तम येत होती, परंतु सर्वांना छायाचित्रे मिळावीत म्हणून तो आम्हाला पुढे पुढे नेत राहिला. थवा उडाला, फिरून परत बसला, पुन्हा उडाला. चौथ्यांदा उडाला तो परतलाच नाही. मोठ्या थव्याचे ते वळण डोळ्यांना सुंदर दिसते आणि म्हणूनच मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मीही तेव्हा काही बोललो नाही, याची मला आजही खंत आहे.

त्या विसाव्याची किंमत समजून घेतली पाहिजे. भरतीच्या वेळी पक्ष्याला दुसरीकडे जायला फारशी जागा नसते, आणि ओहोटीच्या मोजक्या तासांत खाल्लेले त्या वेळी पचवून त्याला चरबी साठवायची असते. २०२२ मध्ये पट्टेरी शेपटीच्या गॉडविट या स्थलांतरी किनारपक्ष्याचे जेमतेम पाच महिन्यांचे एक पिल्लू अलास्काहून निघाले आणि कोठेही न उतरता ११ दिवसांत सुमारे १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला पोहोचले. अशा उड्डाणापूर्वी या पक्ष्याच्या वजनात निम्म्याच्या आसपास चरबीच असते आणि वजन वाचवण्यासाठी त्याची आतडी व जठर आकसतात. वाटेत समुद्रावर ना त्याला बसता येते, ना खाता येते. आपण चार वेळा उडवलेल्या थव्यातील प्रत्येक पक्ष्याने ही शिदोरी थोडी थोडी खर्च केलेली असते.

आणि हे पक्षी आता मुबलक राहिलेले नाहीत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२४ मध्ये किनारपक्ष्यांच्या १६ जाती आधीपेक्षा अधिक धोक्याच्या वर्गात टाकल्या. ग्रे प्लोव्हर आणि कर्ल्यू सँडपायपर हे सहलींच्या यादीत हमखास येणारे पक्षी त्यांत आहेत. बारीक चोचीचा कर्ल्यू १९९५ मध्ये मोरोक्कोत शेवटचा खात्रीने दिसला आणि २०२५ मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. चिखलपट्ट्यांवरील भराव, शिकार आणि बदलते हवामान ही या ऱ्हासाची मोठी कारणे असून सहलींना त्यांच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल. पण भराव थांबवणे माझ्या-तुमच्या एकट्याच्या हातात नाही. शनिवारी किती वाजता निघायचे, हे मात्र आहे.

मार्गदर्शकाकडून अपेक्षा ठेवायची ती याच संदर्भात. पक्षी अस्वस्थ झाल्याच्या खुणा उडण्याच्या बऱ्याच आधी दिसतात: चरणे थांबते, माना ताठ होतात, पाठीत खुपसलेली चोच बाहेर येते, थवा पायीच एका बाजूला सरकू लागतो, एखादा इशाऱ्याचा आवाज काढतो. यांतली पहिली खूण दिसताच जो सर्वांना थांबवतो आणि मागे घेतो, तोच किनाऱ्यावरचा खरा मार्गदर्शक, मग त्याला एखाद्या तुतारीची नेमकी जात त्या क्षणी सांगता आली नाही तरी चालेल. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावणे आणि थव्यावर ड्रोन नेणे यांना तर अशा सहलीत थाराच नसावा.

भरतीची वेळ माहीत असणे माणसांच्या सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहे. पुढे उथळ दिसणारे पाणी मागच्या खोलगट जागांत आधी भरते आणि वाळूच्या दांड्यावर उभ्या असलेल्या गटाची परतीची वाट बंद होते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाच्या भरतीला हे फार झपाट्याने घडते; भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या, दिवसांत पाणी तेवढे चढत नाही, म्हणून एका सहलीचा अंदाज दुसरीला लावणे धोक्याचे ठरते.

आयोजकांना माझी विनंती आहे की त्यांनी निवेदनात त्या दिवशीच्या भरतीची वेळ आणि उंची द्यावी, जमण्याची वेळ तिच्यावरून ठरवावी, मग ती दुपारची आली तरी हरकत नाही, आणि पाणी पूर्ण चढण्याआधी गट विसाव्याच्या जागेपासून दूर जाईल, हे आधीच स्पष्ट लिहावे. आपणास विनंती अशी की भरतीची वेळ नसलेले निवेदन छापण्यापूर्वी आपल्या कार्यालयाने ती आयोजकांकडून मागून घ्यावी. एका ओळीची जागा लागेल.

कळावे,
आपला नियमित वाचक