सल्ले भरपूर, लिंक मात्र उघडेना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन लिहिणाऱ्यांनी समाजमाध्यमांचा कार्यक्षम वापर कसा करावा, हा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. लेखकाचा अभ्यास दांडगा असणार, त्याबद्दल वाद नाही. पण रोज एक रील करा, संध्याकाळी सात ते नऊमध्येच पोस्ट टाका, प्रत्येक पोस्टला भरपूर हॅशटॅग लावा, येईल त्या कमेंटला उत्तर द्या, हे सगळं करून झाल्यावर माणसाने लिहायचं कधी, तेवढं सांगायचं राहून गेलं.

मी सोलापूरच्या जुन्या गोष्टींवर लिहितो. गिरण्या, पेठा, 1930 चा मार्शल लॉ. माझे बहुतेक वाचक साठीच्या पुढचे. इन्स्टाग्रामवर मजकुरात दिलेली लिंक दाबली तरी उघडत नाही, म्हणून ‘लिंक बायोमध्ये’, म्हणजे आपल्या खात्यावरच्या ओळखीच्या मजकुरात, असं लिहावं लागतं. आमच्या शेजारच्या काकूंना हे बायो नेमकं कुठं असतं ते मी अजून समजावतोच आहे. माझा वाचक व्हॉट्सॲपवर आहे. आणि व्हॉट्सॲपबद्दल तुमच्या पानभर लेखात एकच वाक्य: ‘आपल्या ग्रुपमध्ये लिंक शेअर करा.’ झालं!

केली की शेअर. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. त्यांच्यावरचा माझा लेख. शीर्षक मराठी, म्हणून पानाचा पत्ताही आपोआप मराठीच झाला. ब्राउझरमध्ये तो झकास दिसतो. पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की टक्क्याचं चिन्ह, ई शून्य, पुन्हा टक्का, ए चार, पुन्हा टक्का, अशी रांग सुरू होते. काना-मात्राही त्यात वेगळ्या मोजायच्या आणि प्रत्येकामागे नऊ चिन्हं धरायची. ‘सोलापूर’ एवढा एक शब्द 63 चिन्हांचा होतो! माझं शीर्षक पाच शब्दांचं होतं. फोनच्या पडद्यावर नुसते टक्केच टक्के.

कॉलनीच्या ग्रुपवर लिंक टाकून फोन खाली ठेवेपर्यंत एकाचं ‘खूप छान सर’ आलं. (लेख न उघडता, हे उघड आहे.) पाठोपाठ एका निवृत्त गृहस्थांचा इशारा: ‘ही टक्केवाली लिंक कुणीही उघडू नये, व्हायरस आहे, खातं रिकामं होतं, सर्वांना कळवा.’ ॲडमिननी तत्परतेने माझी पोस्ट सगळ्यांसाठीच काढून टाकली. इशारा मात्र राहिला. दुपारपर्यंत तो अक्कलकोटच्या मेव्हण्यांनी मला पाठवला, वर दोन बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का. 2020 पासून असा शिक्का बसलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, तरीही लोकांनी चिकाटीने एकेक करून पाठवला. माझ्या लिखाणाला एवढी मेहनत आजवर कुणी दिलेली नाही.

तुमच्या लेखात खरं तर हे हवं होतं. पत्त्याचा शेवटचा तुकडा प्रसिद्ध करण्याआधीच रोमन अक्षरांत लिहायचा, म्हणजे टक्के येत नाहीत. लिंक चिकटवल्यावर घाई न करता खाली चित्र आणि शीर्षकाची चौकट उमटेपर्यंत थांबायचं, मग पाठवायचं. आणि नुसती लिंक कधीच टाकायची नाही. लेखातला चांगला परिच्छेद आधी द्यायचा, नाहीतर ‘लिंक-बिंक नको, हितंच टाका की सगळं’ हे उत्तर ठरलेलं. सगळं हितंच टाकलं की लेख दोन दिवसांत ‘साभार’ होऊन फिरतो. कुणाचे आभार, ते कुणालाच ठाऊक नसतं.

ब्रॉडकास्ट लिस्टचाही सल्ला आहे. 256 जणांना एका दमात संदेश जातो म्हणे. जातो, पण ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच. माझा नंबर सेव्ह केलेले 256 सोलापूरकर सापडले तर मी लेख कशाला लिहू, महापालिकेला उभा राहीन.

वेळेचंही तसंच. सात ते नऊ कुठल्या गावचे? हुतात्म्यांवरचा लेख 12 जानेवारीलाच टाकावा असं कुणालाही वाटेल. पण संक्रांतीच्या तोंडावर इथं प्रत्येकाच्या फोनवर सिद्धेश्वर यात्रेतले नंदीध्वज आणि गड्ड्याच्या जत्रेचे फोटो येऊन पडत असतात, त्या गर्दीत आपला लेख कोण बघतो? मी आता तो महिन्याच्या सुरुवातीला टाकतो, आणि एकेकट्याला, नाव घेऊन, ‘तुमचे वडील जुन्या मिलमध्ये होते ना, हे बघा’ असं लिहून पाठवतो. वेळ लागतो. पण तीच माणसं फोन करून लेखातल्या चुका काढतात, म्हणजे त्यांनी वाचलेला असतो.

आता विषय निघालाच आहे तर आपल्याच वृत्तपत्राच्या फेसबुक पेजबद्दल. ‘सोलापूरकरांनो, पाण्याबाबत मोठी बातमी, लगेच वाचा’, आणि लिंक पहिल्या कमेंटमध्ये. कमेंट शोधा, लिंक उघडा, मध्ये येणारी जाहिरात बंद करा, उजनी धरणाचा इतिहास ओलांडा, आणि अगदी शेवटी कळतं की पाणी उद्याऐवजी परवा. आमच्याकडे नळ रोज येत नाही, हे आपल्या कार्यालयात कुणाला सांगायला नको. त्या दिवशी आम्ही बातमीच्या तळाशी पोचलो तेव्हा घरातलं पिंप निम्मं रिकामं झालं होतं. हाच तो कार्यक्षम वापर असेल तर धन्य आहे! कुठल्या पेठेत, कुठल्या दिवशी, किती वाजता, एवढं पोस्टमध्येच लिहा. लिंक खाली द्या, हवी तर.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक
साखर पेठ, सोलापूर