रियुनियनचा रस्ता आखून देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार.

व्हिसा आला, तिकिटं झाली, पुढच्या आठवड्यात आम्ही हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर निघतोय. त्याआधी तुमचे आभार मानायचेच होते. घरी येऊन मानले असते तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलला असतात आणि काकूंनी कोकम सरबत पुढे केलं असतं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तुम्ही आम्हाला जे सांगितलंत ते आमच्या एका घरापुरतं ठेवू नये असं मला मनापासून वाटतं. रत्नागिरीपासून गुहागरपर्यंत जे जे या कातळावर राहतात, त्या सगळ्यांचं ते आहे.

आंब्याच्या घरात सुट्टी म्हणजे शेवटची पेटी गेल्यानंतरची. मृग लागतो, होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारल्या जातात, आणि गणपतीची गडबड सुरू होईपर्यंत जरा सवड मिळते. यंदा मुलाची बारावी झाली, सासूबाईंची पंच्याहत्तरी झाली, म्हणून ठरवलं की एकदा देशाबाहेर जाऊन येऊ. चौकशी केली तर जो तो बेट म्हणजे वाळू, खुर्च्या आणि हॉटेलातला तलाव एवढंच दाखवत होता. त्यात वाईट काही नाही. पण मागच्या दारी समुद्र असलेल्या माणसांनी एवढा खर्च करून पुन्हा वाळूतच जाऊन बसायचं, हे मनाला पटेना. मुलगा एकच धरून बसला होता: जिवंत ज्वालामुखी बघायचा. तोच मला तुमच्या ओटीवर घेऊन आला.

तुम्ही नकाशा काढाल असं वाटलं होतं. तुम्ही काढलीत उदबत्ती. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं एक पान मागितलंत, दोन्ही टोकं माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "हळूहळू वर ओढत राहा, थांबू नको." खाली पेटती उदबत्ती तुम्ही एका जागी स्थिर धरलीत. सुरुवातीला बराच वेळ धरलीत, तिथे कडेनं तपकिरी झालेलं मोठं भोक पडलं. मग पान सरकत गेलं तशी लहान लहान भोकं पडत गेली. स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या, "घर पेटवाल!" तुमचं लक्ष नव्हतं. तुम्ही पान ओटीवर ठेवलंत आणि म्हणालात, "पान म्हणजे सरकत जाणारी जमीन, उदबत्ती म्हणजे खाली एका जागी राहिलेली आग." मग मोठ्या भोकावर बोट ठेवलंत: "हे आपण. सह्याद्री. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी." मग एकेक भोक खाली उतरत गेलात: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस. शेवटच्या भोकातून अजून धूर येत होता. "आणि हे रियुनियन. उदबत्ती अजून तिथेच आहे."

सर, चाळीस वर्षं मी काळ्या कातळावर कपडे वाळत घालत आले, जांभ्याच्या चिऱ्यांच्या घरात राहिले. हेदवीच्या बामणघळीत भरतीचं पाणी त्या अरुंद फटीतून उसळतं, ते पाहुण्यांना कितीदा दाखवलं. पण ती फट ज्या दगडात आहे तो एके काळी वाहता होता, आणि ज्या उष्णतेनं तो वर आला ती आज साडेचार हजारांहून जास्त किलोमीटरवर दुसऱ्या एका बेटाखाली काम करतेय, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जांभा म्हणजे त्याच काळ्या दगडाचं रूप. लाखो वर्षांच्या पावसानं त्यातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, म्हणून तो लाल. मुलाला तुम्ही मांडवीला पाठवलंत, जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक देऊन. तिथल्या काळ्या वाळूतून ते फिरवल्यावर त्याला काळ्या कणांची दाढी चिकटली. तो ती पुडीत बांधून घेऊन आला आणि तुम्ही त्याला इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहाची खनिजं समजावलीत, आपल्याच दगडातून झिजून आलेली. रियुनियनला एतां-सालेचा किनाराही असाच काळा आहे. पुडी त्यानं बॅगेत टाकलीय, तिथे शेजारी ठेवून बघायला.

एक गोष्ट तुम्ही तितक्याच ठामपणे खोडलीत, तीही इथे लिहून ठेवते. तुरळ-राजवाडीचे गरम पाण्याचे कुंड बघून आपल्याकडे पुष्कळ जण म्हणतात की खाली अजून ज्वालामुखी धुमसतोय. तसं काही नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, खोलीबरोबर जमीन तापत जाते, आणि तेच तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. कोकणाखालची ती आग कधीच मागे राहिली.

यानंतरचा सगळा बेत तुम्ही याच धाग्यावर आखलात. तुमची पद्धत मी इतरांसाठीही लिहिते, कारण अशी सहल आखणारं माणूस मिळत नाही.

आधी ऋतू. रियुनियन विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे आपल्याकडे धो धो पाऊस असतो तेव्हा तिथे थंड, कोरडा हंगाम. आंबेवाल्याच्या सवडीला यापेक्षा सोयीचं काय? जानेवारी ते मार्च मात्र चक्रीवादळांचे. २००७ च्या फेब्रुवारीत गामेड वादळात तिथल्या कोमेर्सों विवरापाशी तीन दिवसांत ३,९३० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो आजही तीन दिवसांच्या पावसाचा जागतिक विक्रम आहे. रत्नागिरीत पावसाचे चार महिने मिळूनही साधारणपणे एवढा होत नाही. मी हे आमच्या आळीत सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही. वारे तिथे आग्नेयेकडून येतात, म्हणून बेटाची पूर्व बाजू चिंब आणि पश्चिम बाजू कोरडी. आपल्याकडे संगमेश्वर भिजतं आणि घाटमाथ्यापलीकडे पाऊस विरळ होतो, त्याची दिशा तेवढी उलटी. म्हणून मुक्काम पश्चिमेला सें-लूजवळ घ्यायला लावलात, आणि ज्वालामुखीच्या आदल्या रात्री डोंगरावर बूर-म्यूराला.

मग कागदपत्रं. रियुनियन १९४६ पासून फ्रान्सचा एक जिल्हा आहे, तिथे युरो चालतात, म्हणून ओळखीचे सगळे "शेंगेन व्हिसा काढा" म्हणत होते. तुम्ही नियम वाचून दाखवलात: बेट शेंगेन क्षेत्रात येत नाही, फ्रान्सच्या सागरपार प्रदेशासाठीच अर्ज करायचा. तेवढ्या एका वाक्यानं आमचे किती पैसे आणि हेलपाटे वाचले! मुंबईहून मॉरिशस, तिथून विमानानं पाऊण तास, हाही रस्ता तुमचाच.

मॉरिशसला मी फक्त विमान बदलणार होते. आईंसाठी तुम्ही तिथे मुक्काम घालायला लावलात. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट त्यांनी बघितलाच पाहिजे म्हणालात. १८३४ पासून करारावर नेलेले साडेचार लाखांच्या आसपास मजूर तिथे उतरले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपल्या रत्नागिरी आणि सावंतवाडीकडचेही होते. त्यांची नातवंडं-पणतवंडं तिथे अजून गणपती बसवतात आणि त्या दिवशी साऱ्या देशाला सुट्टी असते. आई तेव्हापासून रोज कुणाला ना कुणाला हे सांगताहेत. घाटाच्या दगडी पायऱ्यांवर एक नारळ ठेवायचा म्हणतात. तिथे चालेल का ते विचारूनच ठेवू.

आता ज्वालामुखी. पितों द ला फुर्नेझ, उंची २,६३२ मीटर, जगातल्या सर्वात जागत्या ज्वालामुखींपैकी एक. तुम्ही मुलाला पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगितलंत की लाव्हा बुक करता येत नाही. उद्रेक होण्याची चिन्हं दिसली की प्रशासन वाट बंद करतं, आणि बंद म्हणजे बंद. कुणाच्या तिकिटाची तारीख बघून डोंगर पेटत नाही. वाट उघडी असली तर पहाटे निघायचं, कारण सकाळ सरायच्या आत ढग चढतात. खडकावर पांढऱ्या रंगाच्या खुणा आहेत, त्या सोडायच्या नाहीत. शिखरापर्यंत जाऊन येणं म्हणजे पाच-सहा तासांची चाल, ती बापलेक करतील. आईंना गाडी थेट पा द बेलकोंबपर्यंत नेईल, तिथून अख्खा खळगा समोर दिसतो. मी त्यांच्याबरोबर थांबेन, जमलं तर पायऱ्या उतरून फोर्मिका लिओ या छोट्या लाल शंकूपर्यंत जाऊन येईन. तिथे २,३०० मीटरवर पहाटे कडक थंडी असते हे तुम्ही सांगितलंत म्हणून बरं. आमच्या घरात एक धड स्वेटर नव्हता, आता चौघांचे झाले.

पूर्व किनाऱ्यावरचा एक दिवस तुम्ही मुद्दाम राखून ठेवलात. १९७७ मध्ये लाव्हा पितों सेंत-रोझ गावात शिरला, घरं जळाली, आणि चर्चच्या दारापाशी येऊन तो दोन्ही बाजूंनी वळला. पुढे २००७ च्या एप्रिलमध्ये लाव्हानं किनाऱ्याचा हमरस्ता तोडून समुद्र गाठला, आणि त्याच उद्रेकात वरच्या मुख्य विवराचा तळ सुमारे तीनशे मीटर खचला. हे सांगताना तुम्ही वहीतलं पेन्सिलीनं काढलेलं चित्र दाखवलंत. त्या थिजलेल्या लाव्हावर आधी दगडफूल, मग नेचे, मग झुडपं कशी येतात ते बघून या म्हणालात, कारण आपल्या सड्यावरही कधीतरी पहिलं नेचं असंच आलं असेल.

ह्यांच्यासाठीही तुम्ही जागा शोधलीत. व्हॅनिलाची बाग. व्हॅनिलाचं फूल एकच सकाळ उमललेलं असतं आणि तिथे ते आपोआप फळत नाही. १८४१ मध्ये एदमों आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं काडीनं फुलातला पातळ पडदा उचलून अंगठ्यानं परागकण दाबायची युक्ती शोधली. आजही जगभर व्हॅनिला तशीच हातानं फळवली जाते. तुम्ही हे सांगत होता तेव्हा आमचे हे, जे एरवी मोहोर आणि तुडतुड्यापलीकडे बोलत नाहीत, ते बोटांनी ती हालचाल करून बघत होते.

शार्कमुळे खाजणाबाहेर समुद्रात उतरायचं नाही, गाडी उजवीकडून चालवायची, माफातच्या खोऱ्यात गाडीरस्ताच नाही, आईंच्या शाकाहाराला भात आणि कडधान्य तिथल्या रोजच्या जेवणातच असतं: हे सगळं तुम्ही वहीत लिहून दिलंत. प्रत्येक पानाच्या कडेला "आधी विचारा" असंही.

ती वही मी नीट पाहिली, सर. त्यातली पहिली पानं पिवळी पडलीत. आमच्या सहलीच्या कितीतरी आधीची आहेत ती. तुम्ही वर्षानुवर्षं वर्गात हे बेट शिकवलंत, प्रत्येक उद्रेकाची नोंद ठेवलीत, आणि स्वतः कधी गेला नाहीत. बरोबर चला म्हणून आम्ही आग्रह केला तर काकूंच्या गुडघ्यांचं कारण पुढे केलंत. स्वतःसाठी इतक्या प्रेमानं जमवलेलं सगळं तुम्ही दुसऱ्याच्या हातात दिलंत, आणि देताना तुमच्या चेहऱ्यावर फक्त आनंद होता. याबद्दल आभार मानायला मला शब्द अपुरे पडतात. माझ्या मुलानं भूशास्त्राला प्रवेश घ्यायचं ठरवलंय, हे त्यानं तुम्हाला अजून सांगितलं नसेल तर मीच सांगते.

वहीच्या झेरॉक्स काढून घेतल्या आहेत, मूळ वही निघायच्या आदल्या दिवशी आणून देते. एक काम मात्र तुमच्याकडे राहिलंय. पा द बेलकोंबला पोचलो की मी व्हिडिओ कॉल लावणार आहे. तिथे सात वाजतील तेव्हा इथे साडेआठ, तुमचा चहा झालेला असेल. ढग चढायच्या आत तुम्हाला काय काय बघायचंय त्याची यादी करून ठेवा. मोबाईल कुठे, किती वेळ धरायचा तेही सांगा. तुम्ही "पुढे" म्हणेपर्यंत मी हलणार नाही. फोन रात्रीच चार्जिंगला लावा आणि उशाशी ठेवा, काकूंच्या फडताळात नको.

काकूंना नमस्कार.

आपली,
खालच्या आळीतली, आंबेवाल्यांची सून