बाळाच्या लसीच्या दिवशी आईलाही लस द्या

संपादक साहेब, नमस्कार.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या एचपीव्ही लसीच्या बातम्या हल्ली बऱ्याच वाचायला मिळतात पण सगळ्या 9 ते 14 वयाच्या मुलींच्या, आणि ते बरोबरच आहे, लवकर घेतली की ही लस जास्त कामाची. तिशीच्या पुढच्या बायकांना सरकारी दवाखान्यात गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी असते (ती किती जणींची होते हा वेगळा विषय). मधली बावीस-तेवीसची, नुकतीच बाळंत झालेली पोरगी मात्र कुणाच्याच यादीत नाही. मी आरोग्यसेविका होते, आता रिटायर आहे, म्हणून लिहावंसं वाटलं.

पुण्याच्या सीरम कंपनीची सर्व्हाव्हॅक ही एचपीव्ही लस 26 वर्षांपर्यंत घेता येते. पंधराच्या पुढे तीन डोस, दुसरा दोन महिन्यांनी आणि तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. आता बाळाचं कार्ड काढून बघा, दीड महिन्याला पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस), अडीचला, मग साडेतीनला, आणि नऊ महिने भरले की गोवर-रुबेला. दीड आणि साडेतीनमध्ये बरोब्बर दोन महिने, आणि नऊ महिन्यांच्या खेपेला आईचा तिसरा! बाई तशीही बाळाला मांडीवर घेऊन लसीकरणाला आलेलीच असते, तिला वेगळी खेप नको, वेगळा रोज बुडवायला नको. एरवी धडधाकट तरुण बाई स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढते कधी?

गरोदरपणात ही लस देत नाहीत, पण अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. तरी सासूबाई विचारणारच की दूध आटेल का, बाळाला ताप येईल का, तर तसं काही नाही हे सिस्टरनी तिथंच सांगावं. दुसरा प्रश्न ठरलेला, लग्न झालं मूल झालं, आता काय उपयोग? लग्नाआधीइतका नाही, पण आहे. या कॅन्सरच्या शंभरातल्या साधारण सत्तर केसेस एचपीव्ही या विषाणूच्या 16 आणि 18 नंबरच्या जातींमुळे होतात, त्यातली एक शरीरात येऊन गेली असली तरी दुसरीपासून बचाव होतोच ना. मात्र आधीच असलेला संसर्ग लसीनं बरा होत नाही आणि तिशीनंतरची तपासणी चुकवायची नाही हेही सांगायलाच हवं, नाहीतर उद्या लोक म्हणतील फसवलं.

खरी गोची माहेर-सासरची आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, पहिला डोस तिथं मिळाला तरी दोन-तीन महिन्यांत ती सासरी जाते, आमच्याकडं तर कोयता घेऊन थेट ऊसतोडीलासुद्धा, मग पुढचं कोण बघणार? बाळाची नोंद कार्डावर असते म्हणून कुठल्याही गावची नर्सबाई पुढची सुई देते. त्याच माता-बाल संरक्षण कार्डावर आईच्या टीडीची (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीची) नोंद होते, तिथंच खाली तीन रकाने वाढवायला काय हरकत आहे? आणि मध्येच पुन्हा दिवस गेले तर उरलेले डोस बाळंतपणानंतर घ्यायचे, पहिल्यापासून सुरुवात नको.

अमेरिकेत टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनच्या विद्यापीठ हॉस्पिटलात बाळंतिणीला घरी सोडायच्या आधीच पहिला डोस देतात आणि पुढच्यांसाठी फोन करून आठवण करतात. आपण मागास आहोत असंही नाही. एकच डोस पुरतो का या मोठ्या अभ्यासात बार्शी आणि पुण्याच्या मुली होत्या, शेजारच्या धाराशिवमधला या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास तर 2009 साली जगभर गाजला.

राहिला पैशाचा प्रश्न. खाजगीत एका डोसला दोन हजाराच्या आसपास, म्हणजे तिन्हीचे सहा हजार, मजुरीवरच्या घरात कोण काढणार? जागतिक आरोग्य संघटना 21 च्या पुढच्यांना सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस पुरे म्हणते. सरकारनं तेच धरलं तर दीड महिना आणि नऊ महिने, दोनच खेपा, खर्चही तेवढा कमी. आधी एखाद्या उपजिल्हा रुग्णालयात करून बघा की. आणि तुम्ही पेपरात बाळाच्या लसींचा तक्ता छापाल तेव्हा शेजारी आईचेही डोस छापा.

एक निवृत्त आरोग्यसेविका, सोलापूर जिल्हा