एचटीटीपीच्या शंभर ते एकशे नव्याण्णव या स्टेटस आकड्यांच्या भानगडी

दोस्ता,

परवा तू फोनवर म्हणालास की तुझ्या अपाचे वेब सर्व्हरच्या मॉड्यूलमधून, म्हणजे मागच्या सर्व्हरचं उत्तर क्लायंटला पोचवणाऱ्या कोडमधून, मधूनच रिकामं पान येतं आणि पुढच्या रिक्वेस्टला भलतंच काहीतरी, तेव्हा मी हसलो ना, त्याबद्दल सॉरी, कारण त्याच खड्ड्यात मीही पडलोय.

झालं असं, की माझ्या मॉड्यूलच्या मागे असलेल्या अ‍ॅप सर्व्हरवाल्यांनी न सांगता १०३ अर्ली हिंट्स चालू केलं, म्हणजे खऱ्या उत्तराआधी नुसत्या हेडरचं एक आगाऊ उत्तर. ते आरएफसी ८२९७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आहे, २०१७ च्या, पण मी १०० (‘पुढचं पाठव’) आणि १०१ च्या पुढे कधी बघितलंच नव्हतं. माझा कोड साधाभोळा, पहिली स्टेटस लाइन वाच, रिकाम्या ओळीपर्यंत हेडर वाच, १०३ ला बॉडी नसतेच, मग संपलं समजून कनेक्शन परत पूलमध्ये. आणि खरं २०० वालं उत्तर सॉकेटमध्ये तसंच पडून! पुढचा जो ते कनेक्शन घेईल त्याच्या ताटात आधीच्याचं जेवण. एकाचं बिल दुसऱ्याला दिसलं रे, रात्रभर झोप नाही.

तर लूप लाव, २०० किंवा वरचा आकडा येईपर्यंत वाचत राहा, फक्त १०१ वेगळा, तिथून प्रोटोकॉलच बदलतो. पण मोजून वाच हं, बिघडलेला बॅकएंड, म्हणजे तो मागचा सर्व्हर, १०२ (‘काम चालू आहे’) वर १०२ पाठवत बसेल, अपाचेच्या स्वतःच्या प्रॉक्सीतही १० ची मर्यादा आहे.

ही आगाऊ उत्तरं क्लायंटला पुढे पाठवायला अपाचेचं एपी_सेंड_इंटरिम_रिस्पॉन्स हे फंक्शन आहेच, एचटीटीपी १.० च्या क्लायंटला ते काही पाठवत नाही, आणि क्लायंटने १०० मागितला नसेल तर तोही गिळतं. पण दुसरा घोळ मी इथेच घातला. हेडर पाठव म्हटलं की ते हेडर्स_आउट या जाणाऱ्या हेडरच्या टेबलमधलं सगळं पाठवतं आणि टेबल साफ करतं, माझी लॉगिनची कुकी १०३ बरोबर गेली आणि २०० मध्ये नाहीच! म्हणून आधी ते टेबल बाजूला ठेव, १०३ ला नवं कोरं दे, काम झालं की जुनं टेबल आणि जुना स्टेटस दोन्ही परत लाव, स्टेटस विसरलास तर पुन्हा आहेच गंमत.

टेस्टला खरा बॅकएंड कशाला, नेटकॅटने (सॉकेटवर हवा तो मजकूर पाठवणारं टूल) १०३ पाठव, दोन सेकंद थांब, मग २००, आणि समोर क्लायंट म्हणून कर्ल, व्हर्बोज मोडमध्ये, म्हणजे आलेले सगळे हेडर दिसतात. दोन्ही उत्तरं एकदमच आली तर तू मधेच कुठेतरी अडवून ठेवतोयस.

रविवारी घरीच आहे, लॅपटॉप घेऊन ये, आणि येताना कोपऱ्यावरची भजी आण.

तुझाच